समुद्राला पाजलेली निवळी

आमच्याकडे लहान मुलाची हाडं कमजोर असली की त्याला चुन्याची निवळी देतात. चिनी मातीच्या बरणीत पानाला लावतात तो चुना टाकायचा, वर पाणी भरायचं, एकदा ढवळून झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी चुना तळाशी बसतो आणि वर काचेसारखं पाणी राहतं. बरणी न हलवता तेवढंच काढायचं आणि चमचाभर दुधात घालून पाजायचं. खालचा गाळ आला तर तोंड भाजतं.

लग्न होऊन मी भातकुलीकडच्या खेड्यात आले तेव्हा माझ्या धाकट्या दिराचं चालायचं वय होऊन गेलं होतं, पण तो भिंत धरूनच उभा राहायचा. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. सासूबाई त्याच्या बाळंतपणातून उठल्याच नाहीत. घरात बाई म्हणून मीच, आणि मीही तशी पोरच. शेजारच्या म्हातारीने मला निवळी करायला शिकवलं. चमचा दिसला की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. मग मी आधी एक चमचा स्वतः प्यायचे, तोंड वाकडं न करता, आणि मग तो प्यायचा. त्याला मी बापू म्हणायचे. पाय पुढे सरळ झाले. निवळीने झाले की वयाने, देव जाणे. पण मोठा झाल्यावरही तो कोणालाही सांगायचा, "माह्या वयनीनं चुना पाजून उभं केलं मले."

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मचूळ. सोडा टाकल्याशिवाय तुरीची डाळ शिजायची नाही आणि दूध घातलं की चहा फाटायचा. त्या पाण्यावर फुलझाडं धरत नव्हती आणि आमचं घराणं तर फुलांचं. म्हणून आम्ही अमरावतीला आलो आणि महादेवाच्या एका देवळासमोर फुलांचं दुकान टाकलं. हार ओवायचं काम माझं, गिऱ्हाईकाशी बोलायचं यांचं. बापू शाळा संपवून अकोल्याला गेला, तिथे मोटारीचं वायंडिंग शिकला. जळालेल्या पंपातली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. त्याचं लग्न काही जुळलं नाही. तो तिथेच एका खोलीत राहिला.

एकदा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो तर अर्धी खोली एका काचेच्या पेटीने घेतलेली. निळसर उजेड होता. आत पाणी हलत होतं आणि दगडांवर काहीतरी फुललेलं होतं. मला वाटलं प्लास्टिकची फुलं असतील.

"वयनी, पोवळे आहेत हे," बापू म्हणाला. "जिवंत. समुद्रातले."

पोवळं म्हणजे माझ्या मंगळसूत्रातला लाल मणी. तो कधीकाळी जिवंत असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी वाकून बघत राहिले. एक होतं ते शेवंतीसारखं, बारीक पाकळ्यांचं. एक झेंडूच्या कळ्यांचा गुच्छ असावा तसं. बापूने पाण्यात बोट हलवलं की सगळी मिटत आणि थोड्या वेळाने एकेक करून उघडत. माझा सगळा जन्म तोडलेल्या फुलांत गेला. तोडलेलं फूल एकदा उमललं की त्याचं पुढे सुकणंच असतं. मिटून पुन्हा उघडणारं फूल मी पहिल्यांदा बघितलं.

यांनी कपाळाला हात लावला. "अकोल्याचं पानी आधीच खारं. लोकं गोड पान्यासाठी नळावर भांडून राहिले, अन् हा गोड पानी आणून त्यात मीठ कालवून राहिला."

"दादा, तुह्या महादेवाले दुधाची आंघोळ चालते, मंग माह्या समुद्राले मीठ काहून नाही चालत?"

"माहा महादेव बिजली नाही खात."

बापू हसला. दोघा भावांचं बोलणं नेहमी असंच, ठोसे दिल्यासारखं. यांच्यापेक्षा तो पुष्कळ लहान. त्याला यांनीच खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं.

बापूने मला सांगितलं की पोवळी पाण्यातला चुना ओढून आपली हाडं बनवतात. पेटीतला चुना संपत जातो, तो घालावा लागतो. त्यासाठीच्या औषधाच्या बाटल्या बाहेरून येतात, पण त्या महाग. म्हणून तो सगळं घरच्याच वस्तूंवर भागवायचा. खायचा चुना पानठेल्यावरून, खायचा सोडा किराणा दुकानातून, आणि मेडिकलमधून जुलाबाचं मीठ. पानठेलेवाला त्याला विचारायचा, "तंबाखू तर खात नाही तू, मंग एवढा चुना कोणाले लावून राहिला?"

"समुद्राले," बापू सांगायचा.

त्याने एक मोठी काचेची बरणी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. खाली पांढरा थर, वर निवळ पाणी.

"पाय. तुह्याच हातचं शिकलो."

पेटीतलं पाणी उन्हाने उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोड पाणीच घालायचं, आणि बापू ते निवळीच्या रूपाने घालायचा. तेही एकदम नाही. एकदम घातलं तर पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि पोवळी भाजतात. त्याने सलाइनची नळी आणली होती. निवळीची बाटली उलटी टांगायची, नळीचं चाक फिरवून धार बारीक करायची, की थेंब थेंब पाणी पेटीत पडत राहतं. हे मागे उभे राहून बघत होते. यांना ते आवडलं. म्हणाले, "हा तर अभिषेकच झाला." आमच्या देवळात पिंडीवर तांब्याचं पात्र टांगलेलं असतं, त्यातूनही पाणी असंच ठिबकतं.

वायंडिंगच्या दुकानातून घरी आला की बापू कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचा, मगच पेटीला हात लावायचा. नखं घासायचा. "तांब्याचा चुरा असते नखात," तो म्हणायचा. "तांबं म्हंजे यायच्यासाठी जहर. मासे सहन करतीन, पण पोवळे अन् गोगलगाई नाही." ज्या तारेवर त्याचं पोट, तीच घरात आणायची नाही, असं त्याचं चाललेलं असायचं.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजायला लागले, तोंड सुजलं, आणि दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की फार उशीर झाला. आमच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी आहे. लोक म्हणतात विहिरीच्या पाण्यानेच होतो. मी त्याला त्याच विहिरीच्या पाण्यात निवळी करून पाजली होती. दुसरं पाणीच नव्हतं गावात. यांनी सांगितलं, माझी किडनी काढून त्याला द्या. पण यांना साखर आहे, डॉक्टरांनी घेतली नाही. त्या दिवशी आम्ही बसने अमरावतीला परतलो. घरी आल्यावर हात धुता धुता हे म्हणाले, "काहीच कामाचा नाही मी त्याच्या."

आमची मुलगी मोर्शीला दिलेली, तिचा संसार तिकडे. घरात आम्ही दोघंच. मी अकोल्याला बापूपाशी राहायला गेले आणि हे दुकान बघत अमरावतीला राहिले.

बापूचं डायलिसिस सुरू झालं. ज्या हातात सुई घालायचे त्या हाताने वजन उचलायचं नव्हतं, म्हणून पेटीचं काम माझ्याकडे आलं. निळ्या कॅनमध्ये मशीनचं गाळलेलं गोड पाणी भरून ठेवायचं. त्यातून बरणीत चुना भिजवायचा. निवळीवर हवेने पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा, तो फुटू न देता खालून पाणी ओढून घ्यायचं. पेटीत घालायचा सोडा आधी कढईत भाजायचा. रवा भाजतो तसाच, पण रंग बदलू द्यायचा नाही. भाजताना तो कढईत उकळी आल्यासारखा हलतो. मी भाजायला बसले की बापू पलंगावरून सूचना द्यायचा.

"हलवत राय, वयनी. शिरा नाही करायचा."

"माहीत आहे मले."

"मले पण सोड्याच्याच गोळ्या देऊन राहिले डॉक्टर. एक चमचा मलेच देऊन टाक. तेवढाच डॉक्टरचा त्रास वाचन."

त्याला मीठ बंद होतं. पाणी बंद नव्हतं, पण जवळजवळ बंदच. दिवसाचं पाणी एका लहान स्टीलच्या पेल्यात काढून ठेवायचं आणि तेवढ्यातच गोळ्याही घ्यायच्या. अकोल्याचा उन्हाळा आणि ती तहान. तो बर्फाचा खडा तोंडात धरून पेटीसमोर बसायचा. त्याची नजर त्या ठिबकणाऱ्या नळीवर असायची. एकदा म्हणाला, "माह्यापेक्षा जास्त पानी तर ही पेटी पिऊन राहिली." मी उठून आत गेले. माठातलं पाणी त्याच्यादेखत प्यायला मला जमायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड प्यायचे.

पोवळी मात्र छान वाढली होती. शेवंतीसारख्या पोवळ्याला शेजारी एक लहान पिल्लू फुटलं. बापूला कोण आनंद झाला. दवाखान्यातून आला की चपला काढायच्या आधी तो ते बघायचा. एका संध्याकाळी मी नळीचं चाक बसवत होते, तेव्हा तो मागून म्हणाला, "वयनी, माह्या हातानं जगात एवढीच एक गोष्ट वाढली. माह्या आधी यायनं जाऊ नये. मागून काय व्हायचं ते होवो."

"असं बोलू नये," मी म्हणाले.

"बोलत नाही. तू फक्त निवळी देत राय."

नंतर त्याला ताप आला. सुईच्या जागी पू झाला होता. दवाखान्यात भरती करावं लागलं आणि मी त्याच्यापाशी राहिले. घरी पेटीपाशी कोणीतरी हवं होतं. मी यांना फोन केला. हे लगेच दुकान बंद करून आले. दवाखान्यातच किल्ली घेतली. मी सांगितलं, बरणीतली निवळी संपली तर नुसतं गोड पाणी लावा, सकाळ-संध्याकाळ बाटली भरा, बाकी कशाला हात लावू नका. हे म्हणाले, "तू त्याच्याकडे पाय. तिकडचं मी पाहून घेतो."

बापूचा ताप उतरायला दिवस लागले. त्या सगळ्या दिवसांत हे रोज डबा घेऊन यायचे आणि बापू रोज एकच विचारायचा, "दादा, उघडले आहेत ना?"

"उघडले आहेत. अभिषेक चालू आहे."

घरी आलो तो दुपारची वेळ होती. यांनी खोली झाडून पुसून ठेवली होती. पेटीची काच बाहेरून लखलखत होती. पण आत बघितलं आणि मी दारातच थांबले. झेंडूच्या कळ्या मिटलेल्या होत्या. शेवंती आक्रसून आत गेली होती, आणि पिल्लाची जागा नुसती पांढरी होती. मासे फिरत होते, त्यांना काही झालं नव्हतं. वाळूवर गोगलगाय उताणी पडलेली होती.

बापू पेटीसमोर उभा राहिला. मासे बघितले, गोगलगाय बघितली. मग त्याने वर नळीकडे बघितलं. उलटी बाटली नव्हती. तिच्या जागी आमच्या घरचा घागरीसारखा तांब्याचा गुंड फळीवर ठेवला होता आणि सलाइनची नळी त्यात सोडलेली होती. हा गुंड माझ्या लग्नातला. माझ्या आईने दिलेला. अमरावतीहून येताना हे तो पिशवीत घालून घेऊन आले होते. मला माहीत नव्हतं.

"दादा," बापू हळू म्हणाला, "पानी यातून टाकलं?"

"यातूनच," हे म्हणाले. यांच्या तोंडावर इतका आनंद होता. "प्लास्टिकच्या डब्यातलं पानी मेलेलं असते, ते कोणत्या देवाले चालते? तुह्यासाठीच आणला हा गुंड. किडनीले तांब्याचं पानी लय चांगलं म्हणतात. तुले तर प्यायचं नाही, मंग म्हटलं, तुह्या समुद्राले तरी पाजू. रोज चिंच-मिठानं घासला, पाय कसा सोन्यासारखा केला. रात्रभर पानी त्यात ठेवायचो, अन् सकाळी लावायचो."

बापूने पुन्हा गोगलगायीकडे बघितलं. मी बघत होते. त्याचा हात पेटीच्या काठावर होता, सुईवाला, पट्टी बांधलेला.

मग तो म्हणाला, "बरं केलं."

"हे मिटले काहून पण?" यांनी विचारलं. "कालपासून मिटून राहिले. मले वाटलं तुह्यासाठी रुसले."

"गरमीनं," बापू म्हणाला. "अकोल्याचं ऊन आहे दादा. समुद्रातल्याले नाही झेपत."

"मी पंखा लावला होता."

"तू काय करशीन त्याले. ऊनच तसं."

हे चहाचं दूध आणायला खाली गेले. जिन्यावरून चपलांचा आवाज गेला तसा बापू पलंगावर बसला. इतका थकलेला मी त्याला डायलिसिसनंतरही बघितला नव्हता. मी गुंडाला हात लावला, तर तो म्हणाला, "आत्ता नोको काढू. दादाच्या ध्यानात येईन."

"बापू, त्यायले कळायले पाहिजे."

"कळून काय होईन? त्याची किडनी घेतली नाही तवाच अर्धा झाला तो. हे कळलं तर उरलेला पण जाईन. वयनी, दादाले कधी सांगू नोको. मी गेल्यावरही नोको."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हे दुकानासाठी अमरावतीला गेले. गुंड इथेच राहू दे म्हणाले, वापरत जा. बापूने तोंडाने सांगितलं तसं मी पाणी बदललं, जहर ओढून घ्यायला कोळशाची पिशवी सोडली, गुंड आतल्या फळीवर ठेवला आणि पुन्हा बाटली टांगली. चुना भिजवला, निवळी केली, थेंब लावला. घेणारं कोणी नव्हतं. आधी रंग गेला, मग कातडं गळालं, आणि खाली राहिली ती पांढरी हाडं, पाण्यातून ओढलेल्या चुन्याची. शेवंतीचं पोवळं सगळ्यांत शेवटी गेलं. बापूने उजेड बंद करू दिला नाही. "राहू दे," म्हणाला. "दादा आला की विचारन."

यांना फोनवर तो सांगायचा, "आज एक थोडं उघडलं होतं."

दिवाळीच्या आधी बापू गेला. पोवळी त्याच्या आधी गेली होती, आणि ती कशाने गेली हे माहीत असलेली आता मी एकटीच आहे.

मासे त्याच्या दुकानातल्या एका माणसाने नेले, पेटीही नेली. मी शेवंतीच्या पोवळ्याचं हाड धुऊन पदरात बांधून आणलं. यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि देवघरात पिंडीशेजारी ठेवलं. गुंडही घरी आला. हे आता रोज सकाळी तो चिंच-मिठाने घासतात. रात्रभर त्यात पाणी ठेवतात. आंघोळ झाली की आधी पिंडीवर पळीने पाणी सोडतात, मग त्या पांढऱ्या हाडावर. थेंब थेंब, घाई न करता. मी शेजारी बसून हार ओवत असते. फूल कमी पडलं तर यांना एक शेवंती देते, ती हे त्यावर ठेवतात.

"हा गुंड मीच उशिरा नेला," हे कधीकधी म्हणतात. "आधीच नेला असता तर तो अन् त्याचे पोवळे, दोघंही वाचले असते."

मी उत्तर देत नाही. मी फार बोलत नाही हे यांना माहीतच आहे, त्यामुळे यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. मग हे त्याच पळीने माझ्या तळहातावर तीर्थ देतात. यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे असतं. मी ते पिते, तोंड वाकडं न करता, आणि मग हेही पितात.